‘पश्चात्तापाने परत या’ : एकच गोष्ट दोनदा?

मिरजेहून : शेजारच्या मावशींनी त्यांच्या चर्चच्या उपासनेचं पत्रक शुद्धलेखनासाठी दिलंय. विषय बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय. देव म्हणजे जिवंत पाण्याचा झरा. तो लोकांनी सोडला आणि पाणी न धरणारे फुटके हौद खोदले. खाली ओळ आहे, ‘पश्चात्तापाने देवाकडे परत या.’ राहिलेला अर्धा त मी घातला (पश्चात् + ताप). पण पश्चात्ताप म्हणजेच परतणं ना? मग द्विरुक्ती झाली का?

साताऱ्याहून : नाही झाली. पश्चात्ताप म्हणजे मागाहून होणारा ताप. संतांचा ‘अनुताप’ही तोच. माणूस रात्रभर तळमळेल, पण पाऊल उचलेलच असं नाही. हिब्रूत ‘शूव’ म्हणतात, म्हणजे सरळ मागे फिरणं. घरी परतायलाही तोच शब्द. अरबी ‘तौबा’च्या मुळाशीसुद्धा परतणंच आहे. आपण तिच्यातून काय काढलं, तर ‘तोबा गर्दी’! मीरासाहेबांच्या उरुसाला तुम्ही ती बघताच. तेव्हा ‘परत’ राहू द्या, नाहीतर नुसता ताप उरेल.

आटपाडीहून : आणि ‘जिवंत’ला हात लावू नका. कुणी ‘जीवनदायी’ करायला सांगेल, ऐकू नका. विहीर खोदताना ‘जिवंत झरा लागला’ असंच म्हणतात आमच्याकडं. हिब्रूतही जिवंत पाणी म्हणजे वाहतं पाणी. फुटका हौद समजावायचा तर तळाचा प्लास्टिकचा कागद फाटलेलं शेततळं सांगा. टँकरनं भरायचं आणि चार दिवसांत तळ बघायचा. त्यापायी डाळिंब गेलेल्या माणसाला यिर्मया लगेच कळतो.

फलटणहून : मी ‘माघारी या’ लिहिलं असतं. परत तर उसने पैसेही करतात. माघारी माणूस येतो. सासरची लेक जत्रेला आली की ती माघारीण.

मिरजेहून : पण ‘माघार घेतली’ म्हणजे हरलाच की! निवडणुकीत अर्जही माघारी घेतात.

फलटणहून : ते ‘घेणं’. मी ‘येणं’ म्हणतोय. क्रियापद बदललं की सगळं बदलतं.

मिरजेहून : मावशींना दोन्ही वाचून दाखवलं. ‘माघारी या’ ऐकून म्हणाल्या, “आई असंच हाक मारायची, दिवेलागणीला.” पाळकसाहेबांना विचारून सांगते म्हणाल्यात. शेततळं मात्र त्यांनी तिथल्या तिथं पेनानं समासात लिहून घेतलं.