लॅब-गोल्डनवाल्यांनो, क्लबातले अनुभव लिहा

नवीन माणूस आपल्या लॅब्रेडोर-गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांच्या क्लबात आला की पहिल्याच आठवड्यात तीन प्रश्न येतात: रविवारी मैदानावर नक्की करता काय, खायला काय घालता, आणि ‘आमच्या राजासाठी मुलगी बघाल का’. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा ज्यांनी निभावलंय त्यांनीच लिहावं, म्हणून हा धागा. लॅब, गोल्डन, मिक्स, रस्त्यावरून घरी आणलेला पण स्वतःला लॅब समजणारा, सगळे चालतील. डॉक्टर, ब्रीडर आणि सोसायट्यांची नावं नकोत. फोटो कमी, मजकूर जास्त. सुरुवात मी करतो.

बर्फीचा बाबा, दादर

रविवारचा मुख्य कार्यक्रम म्हणजे डमी, फेकून कुत्र्याला आणायला लावायची खोटी शिकार. जुन्या जीन्सचा पाय कापायचा, आत चिंध्या कोंबायच्या, दोन्ही टोकं शिवायची, एका टोकाला सुतळी. कॅनव्हासची विकतही मिळते, पण आमच्यात जीन्सवालीच जास्त. रिट्रीव्हर घडवले गेले तेच मुळी शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून, झुडपातून शोधून, दात न लावता मालकाच्या हातात आणून द्यायला. परदेशी क्लबांच्या फील्ड ट्रायल्स (शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धा) अजून त्यावरच चालतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच नाही, आणि ते उत्तमच आहे. पण पक्षी गेला म्हणून कुत्र्याच्या डोक्यातलं काम गेलेलं नाही. आपण ते दिलं नाही की तो स्वतःच शोधून काढतो: चपला, रिमोट, सोफ्याचा कोपरा.

कुत्रा पळतोय म्हणजे ट्रेनिंग चाललंय असं बघणाऱ्याला वाटतं. खरं ट्रेनिंग तो बसलेला असताना चालतं. डमी हवेत गेलीय, अंग थरथरतंय, आणि नाव घेईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यात शेजारी दुसऱ्याची डमी उडत असते. बर्फीला हे जमायला एक अख्खा हिवाळा गेला. आधी पडताना दिसलेली डमी आणायची, ते पक्कं झालं की न दिसलेली, नुसत्या शिट्टीवर आणि हाताच्या इशाऱ्यावर. आमच्यातला एक काळा लॅब न दिसलेली डमी शोधायला जातो आणि दर वेळी टेनिस बॉल घेऊन येतो. मैदानावरच्या पोरांनी त्याला फिल्डिंगला मागितलाय.

नवीन लोकांची हमखास तक्रार: आणतो, पण देत नाही. ओढू नका. ओढलं की त्याला तो खेळ वाटतो आणि दात घट्ट होतात. उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी धरा, तोंड आपोआप उघडतं. शाकाहारी घरांत पनीरवरही भागतं.

ऑस्करची आई, ठाणे

मी मैदानावर फारशी दिसत नाही. क्लब मला समजला तो गोचीडतापात. ऑस्कर दोन दिवस जेवला नाही. लॅब जेवत नाही म्हणजे थर्मामीटर लावायचीसुद्धा गरज नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. रिपोर्टमध्ये एर्लिकिया (गोचिडांतून येणारा जंतू) निघाला, प्लेटलेट तळाला गेलेल्या, हिरड्या पांढऱ्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्या काम करतील पण वेळ घेतील, तोपर्यंत टिकायला रक्त लागेल, डोनर आणा. माणसांच्या रक्तपेढ्या गल्लोगल्ली आहेत, कुत्र्यासाठी रक्त रात्री साडेनऊला कुठून आणायचं?

ग्रुपवर मेसेज टाकला. मुलुंडचा एक दादा आपला बत्तीस किलोचा गोल्डन गाडीत घालून आला. त्याचा आमचा परिचय एवढाच, की मैदानावर त्याच्या कुत्र्याने माझी ओढणी पळवली होती. डोनर पंचवीस किलोच्या वरचा, तरुण, लसीकरण पूर्ण झालेला आणि स्वतः गोचीडमुक्त हवा. आधी क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते, करून बघतात, कारण कुत्र्यांनाही रक्तगट असतात. तो गोल्डन टेबलावर आडवा पडून शेपटी आपटत राहिला, नंतर बिस्किटं खाऊन घरी गेला. ऑस्करच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या पुढे चार आठवडे चालल्या.

आता क्लबाची डोनर यादी आहे. नाव घाला. आणि रोज रात्री कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली हात फिरवा. मुंबईच्या हवेत गोचिडांना सुट्टीचा महिना नसतो.

सिंबाची काकी, लालबाग

सिंबा पुतण्याचा, पण राहतो आमच्याकडे. सासूबाईंना घरात कुत्रा मान्यच नव्हता. त्यांना राजी केलं ते ‘जंजीर’ने. नवीन मुलांना माहीत नसेल, जंजीर हा मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रेडोर. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी त्याने ३००० किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं, वर डिटोनेटर आणि हातबॉम्ब वेगळे. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी मानवंदना देऊन निरोप दिला. प्लाझा सिनेमाजवळ स्फोट झाला त्या दुपारी सासरे दादरलाच होते, संध्याकाळपर्यंत घरी पोचले नव्हते. त्यामुळे जंजीरचं नाव आमच्याकडे देवघरातल्यासारखं घेतलं जातं. पुतण्या म्हणाला, ‘आजी, हा त्याच जातीचा.’ संपलं.

सिंबाने आजवर शोधून काढलेल्या वस्तू: खोबऱ्याच्या वड्या, आजोबांची कवळी, परत खोबऱ्याच्या वड्या.

नको-बर्थडे, विलेपार्ले

थोडं कडू लिहितो. मला क्लबाचा निम्मा भाग आवडत नाही. वाढदिवसाचे केक, टोप्या, बंदाना, मे महिन्याच्या भर दुपारी फोटोशूट. दुहेरी कोटाच्या (केसांचे दोन थर असलेल्या) कुत्र्याला उन्हात उभा करून ‘स्माइल’ म्हणायचं! तो हसत नसतो, धापा टाकत असतो. मी फक्त ट्रेनिंगला येतो आणि आठच्या आत घरी जातो. उन्हाळ्यात डांबरावर हाताचा पंजा पालथा ठेवा. पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नका. आणि उकडतं म्हणून गोल्डनचं मुंडण करू नका. तो कोट ऊनही अडवतो, आणि काढला तर पुन्हा धड उगवेलच असं नाही.

बर्फीचा बाबा: केकबद्दल मतभेद आहेत, बाकी शंभर टक्के मान्य. दुपारचे कार्यक्रम बंद केलेत.

दोन लॅबवाली, नवी मुंबई

पोहण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही? लॅबचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करायचे. जाड, ओंडक्यासारखी शेपटी हे त्याचं सुकाणू. तरी माझ्या दोघांपैकी एक पाणी दिसलं की उडी मारतो आणि दुसरी पायरीवर बसून भुंकून सूचना देते. जात कागदावर असते हो, स्वभाव ज्याचा त्याचा.

क्लबाची पावसाळ्यानंतरची सहल असते ती कर्जतकडच्या एका फार्मवर, तिथल्या तलावात. पहिल्यांदा येणाऱ्यांना पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, कुरकुर करू नका. दमलेला कुत्रा काठाकडे यायचं सोडून मालकाच्या खांद्यावर चढू बघतो. मालकाला पोहता येत नसेल तर मग दोघांना काढावं लागतं.

एकदा आम्ही काही जण भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला गेलो होतो. बोटीवरच्या लोकांनी वैतागायच्या ऐवजी रांग लावून लाड केले. समुद्रात मात्र लक्ष ठेवायला लागतं. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे दिसले की लगेच मागे फिरा, ते ब्लू बॉटल, जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव. मेलेल्याचाही डंख बसतो आणि रिट्रीव्हर तर दिसेल ते तोंडात धरणार. खारं पाणी गटागटा प्यायला की रात्रभर जुलाब. पोहून आल्यावर कान आतून कोरडे करा, लोंबत्या कानांत ओल राहिली की चार दिवसांत वास सुटतो. साचलेल्या पाण्यात डुंबू देऊ नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) उंदरांच्या मुतातून येतो आणि माणसालाही होतो. त्याची लस दर वर्षी.

माईची माणसं, बोरिवली

‘राजासाठी मुलगी’ या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण माई आमच्याकडे आली ती त्याच धंद्यातून. क्लबाने तिला फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, दिली होती. पिवळी लॅब, वय अंदाजे सात. कोपरांवर काळे घट्टे, पोट लोंबलेलं, पिंजऱ्यात राहून राहून पाय आत वळलेले. किती वेळा व्यायली असेल तिलाच माहीत. पिल्लं देणं थांबलं तशी एका हायवेच्या कडेला बांधून ठेवलेली सापडली. पहिले कित्येक दिवस ती दाराच्या चौकटीत उभी राहायची. आत या म्हटल्याशिवाय खोलीत यायची नाही, आणि आली की भिंतीला चिकटून.

एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे खराब. हिप डिस्प्लेझिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) बऱ्याच अंशी आईबापांकडून येतो. म्हणजे माईची जितकी पिल्लं आज मुंबईत ‘प्युअर ब्रीड’ म्हणून फिरताहेत, त्यांतल्या काही घरांना हा खर्च पुढे येणार आहे. दिसायला देखणं जनावर आहे म्हणून मेटिंग करायचं नसतं. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर खुबे-कोपरांचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, आधीच्या पिढ्यांची माहिती, आणि होणारी आठ-दहा पिल्लं जन्मभर परत घ्यायची तयारी. एवढं असेल तर बोलू. आजवर एवढं असलेलं कुणी भेटलेलं नाही. ‘मादीला एकदा तरी आई होऊ द्यावं’ हे वाक्य मला ऐकवू नका, माईकडे पाठवा.

पिल्लू विकत घेणाऱ्यांसाठी: २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी विचारा. पिल्लाची आई बघायला मागा. ‘आई गावाला आहे’ म्हणाले तर उठा.

फॉस्टरचं पुढे काय झालं असं विचारतात. काय व्हायचं, माई आता आमच्याकडेच आहे. डमी आणत नाही. उचलते, दोन पावलं चालते आणि त्यावर डोकं ठेवून झोपते. मैदानावर तिला कुणी उठवत नाही.

जिंजरचे आजोबा, डोंबिवली

वजनाचा विषय निघाला नाही म्हणून लिहितो, कारण आरोपी मीच आहे असं सूनबाईंचं म्हणणं आहे. मान्य नाही! केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच नसतो, त्यामुळे त्यांची खा-खा जास्त असते. हे वाचून दाखवलं तर सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, जनुक वडापाव आणून देत नाही.’

क्लबातली एक चाल चांगली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडचे सगळे एका धान्याच्या दुकानदाराकडे जमतात, दुकान उघडायच्या आधी. गोणी तोलायच्या काट्यावर एकेक कुत्रा चढतो आणि वजन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जातं. लाजेने बरंच काम होतं, कुत्र्याच्या नव्हे, आमच्या. बरगड्या दिसायला नकोत पण हात फिरवल्यावर लागायला हव्यात, हे तिथेच शिकलो. आता माझ्याकडे खिशात गाजराचे तुकडे असतात. जिंजर ते घेते आणि माझ्याकडे बघते. त्या नजरेला काय म्हणावं!

रॉकीवाला, अंधेरी

आमच्या सोसायटीत ‘लिफ्टमधून कुत्रे नेऊ नयेत’ अशी पाटी लागली. आम्ही नवव्या मजल्यावर, रॉकी अकरा वर्षांचा, संधिवात. क्लबातल्या एक वकीलबाई म्हणाल्या, भांडू नका, कागद घेऊन जा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना, महापालिकेचं लायसन्स, रेबीज लसीचं सर्टिफिकेट. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. मीटिंगला क्लबातले तिघे सोबत आले, पण बाईंची अट होती की रॉकीने आधी महिनाभर लिफ्टमध्ये कोपऱ्यात बसून दाखवायचं. मैदानावरचं ‘बस’ तिथे कामी आलं.

पाटी निघाली. सातव्या मजल्यावरचे काका अजूनही आम्ही आत असलो की लिफ्ट सोडून देतात. त्यांना लहानपणी कुत्रा चावलाय, त्यांची भीती खरी आहे. आम्ही वेळ बदलली. जाताना पिशवी आणि पाण्याची बाटली सोबत असतेच. आपल्यातले काही जण ‘माती आहे, चालतं’ म्हणून पुढे जातात ना, त्यांच्यामुळे पुढची पाटी लागते.

बर्फीचा बाबा

लिहीत राहा. खाली दोघांनी गणपतीला कोकणात कुत्रा ट्रेनने नेता येतो का विचारलंय. येतो. फर्स्ट एसीचं दोन किंवा चार बर्थचं अख्खं केबिन आपल्या नावावर असेल तर सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून. पेटीतून नेऊ नका, गाडी करा. लसीचे कागद आणि पार्सल ऑफिसची पावती लागते.

रविवारची ट्रेनिंग पाऊस थांबल्यावर सुरू होईल, सहाला मैदानावर. स्वतःचं पाणी, स्वतःचं भांडं, लांब दोरी. माजावर असलेल्या माद्यांना घरीच ठेवा, नाहीतर त्या दिवशी कुणीही काहीही शिकत नाही. आणि माईसाठी कोपऱ्यात सतरंजी कोण आणतंय ते सांगा, मागच्या वर्षीची ऑस्करने खाल्ली.