आयर्लंडच्या दुष्काळात कुळं कुणी उठवली, कायद्याने की जमीनदारांनी?

मावळकर:
१८४५ पासूनच्या आयरिश दुष्काळाचं सगळं खापर बटाट्यावरच्या करप्यावर फोडलं जातं. पीक करप्याने गेलं, पण कुळांना घराबाहेर करप्याने काढलं नाही. जून १८४७ मधलं, गरिबांच्या मदतीच्या कायद्यातलं ग्रेगरी कलम बघा: पाव एकराहून, म्हणजे आपल्या १० गुंठ्यांहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत नाही. उपाशी माणसाने आधी जमीन सोडायची, मग लापशी मागायची. कलम मांडणारा विल्यम ग्रेगरी स्वतः गॉलवेच्या जमीनदार घराण्यातला. जमीन सुटली की कुटुंब परत येऊ नये म्हणून जमीनदार घराचं छप्परच उतरवायचे. याला मी खून म्हणतो.

कोकणवासी:
तुमचा राग पटतो, निष्कर्ष नाही. ४ पौंडांपर्यंत मूल्यांकन असलेल्या जमिनीचा गरीब-कर, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठीचा कर, कुळाऐवजी जमीनदार भरत असे. खंड बुडालेला, कर वाढता, वर आधीच्या पिढ्यांचं कर्ज. छोटं कूळ ठेवलं की मालक बुडणार, अशी व्यवस्था लंडनच्या सरकारने लावली होती. कॉनेमाराचा जमीनदार थॉमस मार्टिन वर्कहाउसमधल्या, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयघरातल्या, आपल्या कुळांना भेटायला गेला, तिथे ताप लागून १८४७ मध्ये वारला. त्याची अवाढव्य जमीन पुढे लंडनच्या एका विमा कंपनीने घशात घातली. त्यालाही खुनी म्हणणार?

मावळकर:
मार्टिनला नाही म्हणणार. पण रॉसकॉमनमधल्या स्ट्रोक्सटाउनचं काय? तिथल्या जमीनदाराच्या, मेजर डेनिस माहनच्या, कारभाऱ्याने हिशेब मांडला: कुळांना वर्षभर वर्कहाउसात पोसण्यापेक्षा कॅनडाला धाडणं स्वस्त. जवळपास हजार माणसं बोटीत बसवली, कित्येक वाटेतच मेली. १८४७ च्याच नोव्हेंबरात माहनला कुणीतरी गोळी घातली. कर लंडनने लावला, कबूल. हा हिशेब कुणी केला?

रानवाट:
तुम्ही दोघंही मालक आणि सरकार यांच्यातच अडकलात. १८४९ च्या कायद्याने कर्जबाजारी जमीनदारांच्या जमिनी विकल्या गेल्या. घेणारे बहुतेक आयरिशच होते, आणि कुळं उठवण्यात तेही मागे नव्हते. पुढे १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारी कर्जावर कुळं मालक झाली, पण शेतमजूर जिथल्या तिथे राहिला. दुष्काळात सर्वाधिक भरडला गेला तो हाच वर्ग. त्याच्याबद्दल कुणीच का लिहीत नाही?

मावळकर:
रास्त प्रश्न. कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीगचा मायकेल डेव्हिट मेयो परगण्यातल्या हाकलून दिलेल्या कुळाचा मुलगा. जमीन राष्ट्राच्या मालकीची व्हावी असं त्याचं म्हणणं होतं. लीगचा अध्यक्ष पार्नेल याला ते मान्य नव्हतं, आणि कुळांनाही स्वतःच्याच नावावर जमीन हवी होती. डेव्हिटचं ऐकलं असतं तर मजुराच्या पदरात काही पडलं असतं का? माझ्या मते पडलं असतं. कोकणवासी, तुमचं काय म्हणणं?