तुमच्या घरी पहिला फोन कुणाचं बघून आला?

नवी सोय जाहिरातीने कमी आणि शेजारच्याचं बघून जास्त पसरते, हे मी सोलापुरातच पाहिलं. तुमच्याकडे काय घडलं, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते. आमच्या गल्लीत एकाच घरी लँडलाइन होती. सगळ्या नातेवाइकांकडे त्यांचाच नंबर, पुढे 'पी.पी.' लिहिलेला, म्हणजे फोन शेजाऱ्यांचा. काकू गॅलरीतून हाक मारायच्या, आई पदराला हात पुसत पळायची. दर वेळी त्यांना त्रास द्यायचा संकोच वाटायचा, म्हणून बाबांनी अर्ज केला.

*

सोलापूरच्या पूर्व भागातून लिहितोय. आमचा टॉवेलचा कारखाना. बाहेरगावच्या ऑर्डरी वडील रात्री अकरानंतर एसटीडी बूथवरून घ्यायचे, तेव्हा पाव दर असायचा. बोलताना नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. मोबाइल देशात १९९५ला आला, पण आलेल्या कॉललाही पैसे पडायचे; वडील म्हणायचे, "लोकांनी बोलायचं आणि पैसे मी भरायचे?" २००३ला इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी त्यांनी हँडसेट घेतला. पाठोपाठ जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याने, मग लूमवरच्या कामगारांनी. बॅलन्स नसला तरी मिस्ड कॉल देता यायचा: एक रिंग म्हणजे सूत संपलं, दोन म्हणजे लाइट गेली.

*

माझी आई विड्या वळते. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ सुरू झालं, कॉल-डेटा फुकट. भावाने सिम आणलं, पण त्याला फोरजी फोन लागतो आणि घरात सगळे बटणवाले. दिवाळीनंतर जुना स्मार्टफोन घेतला. आई तो सुपाला टेकवून तेलुगू गाणी लावायची. बोटं तंबाखूने माखलेली, म्हणून स्क्रीनला बोटाचं पेर लावायची. शेजारच्या अक्का सूप घेऊन आमच्याच ओट्यावर येऊन बसायला लागल्या. महिन्याभरात त्यांनीही मुलाकडे फोन मागितला. आईला कंपनीच्या माणसाने काही शिकवलं नाही. तिने पाहिलं, आणि अक्कांनी तिचं पाहिलं. मला याचा फार अभिमान वाटतो.

*

आमचं छोटंच. मी शेंगाची चटणी विकते. क्यूआर कोड बरेच दिवस लावला नव्हता. पैसे आले की नाही, हे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बघून कसं मानायचं वो? शेजारच्या भाजीवालीकडे पैसे आले की बोलणारा डबा आला, तिचे पैसे मी कानाने ऐकले, तेव्हा मागवला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत आवाज येत नाही, तेव्हा डबा उचलून कानाला लावते.