माळ्यावर जुनं लाकडी धनुष्य सापडलंय, पॉलिश करू का?

परभणीकर: नमस्कार मंडळी, गावाकडं माळा साफ करताना काकांचं धनुष्य सापडलं, ते कॉलेजात तिरंदाजी खेळायचे. मूठ गडद लाकडाची, पात्यांवर (मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या भागांवर) दोन्ही बाजूनं फायबरची पट्टी अन् मधी लाकूड दिसायलंय, टोकं पुढं वळलेली. खालच्या पात्यावर शाईनं ४५# २८ लिहिलंय. दोरी नाही, व्हार्निश पार तडकलंय. सुतार म्हणायलाय सगळं घासून नवं करून देतो. देऊ का?

लातूरचा तिरंदाज: सुताराला अजिबात देऊ नका! ते शाईचं लिखाण हीच त्या धनुष्याची ओळख हाय, एकदा घासलं की गेलं. ४५# २८ म्हणजे दोरी २८ इंचापर्यंत ओढली की ४५ पौंड, म्हंजे साधारण २० किलो जोर लागतो. हा लॅमिनेटेड रिकर्व्ह हाय, म्हंजे थर चिकटवून केलेला अन् टोकं पुढं वळलेला धनुष्य, फायबर लावलेले असले धनुष्य १९५० च्या दशकापासून रुळले, त्यामुळं त्याच्या आधीचा बहुतेक नसणार. आता उन्हात नेऊन पात्यावरून नख फिरवा. उभ्या बारीक रेघा बहुतेक वेळा चालून जातात, पण आडवी चीर नखाला लागली तर ते भिंतीवरच शोभंल, ओढू नका. फायबर अन् लाकडाच्या सांध्यात कागदाची कड आत जायली का तेबी बघा, जात असंल तर डिंक सुटलाय.

परभणीकर: आडवी चीर नाही, कागदबी जात नाही. दोरी कोणती लावू?

लातूरचा तिरंदाज: मग भारी नशीब! डेक्रॉनचीच (थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) घ्या, फास्टफ्लाइट नावाच्या नव्या दोऱ्या ताणत नाहीत, त्यामुळं जुनी टोकं फाटतात. वळणावळणानं खाचेपासून खाचेपर्यंत मापा अन् दोरी त्यापेक्षा ४ इंच कमी. चढवताना स्ट्रिंगर (दोन्ही टोकांत अडकवून धनुष्य वाकवायची दोरी) वापरा, पायात अडकवून वाकवलं की पातं पिळतं. अन् टोकं पुढं वळलेली दिसतात म्हणून लोकं हमखास उलटं चढवतात, तसं करू नका, टोकं पुढंच वळलेली राहू द्या. बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही, कधीच.

किनवटवाला: आमच्याकडल्या बांबूच्या तीरकमठ्यालाबी हेच सांगतो, बांबूची बाहेरची साल घासू नका, सगळा ताण तीच झेलते. भुंग्याची पिठी पडायली तर आधी त्याचा बंदोबस्त करा. अन् वापर झाला की दोरी उतरून आडवं ठेवा, पण पत्र्याखाली नको, मे महिन्यात आपल्याकडं पत्रा कसा तापतो माहितीच हाय, त्या उष्णतेनं लॅमिनेटेडचा डिंक सुटतो.