टॅप तुटला तो आवाज – आटे पाडण्याचे तुमचे अनुभव लिहा

काल रात्री मागच्या खोलीतल्या छोट्या मिलिंग मशीनवर (फिरत्या कटरने धातू कापणारं) पहिल्यांदा टॅपशिवाय, म्हणजे भोकात पिळून आटे कापायच्या हत्याराशिवाय, आटे पाडले. अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये एम २० (म्हणजे २० मिलिमीटरचा बोल्ट), पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.५. आधी १८.५ चं भोक. मग एकच दात असलेला कटर आत सोडायचा, तो गोल फिरत फिरत वर येतो आणि एका फेरीत बरोबर दीड मिलिमीटर चढतो. तळातून वर यायचं, म्हणजे आटा उजवा पडतो आणि कापही गुळगुळीत येतो. तिन्ही अक्ष एकदम हलावे लागतात, म्हणून मशीनला मोटारी बसवण्यात आठ महिने गेले. बोल्ट दोन बोटांनी शेवटपर्यंत गेला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि मला बाबांची आठवण आली.

कोल्हापूरला उद्यमनगरात त्यांची शेड होती. मी नववीत. बिडाच्या प्लेटमध्ये एम ६ ची बारा भोकं, मे महिन्याची सुट्टी. अकराव्या भोकात 'टिक' झालं. जोरात नाही, काडी मोडावी तसं. टॅप आत, दांडी माझ्या हातात. जॉब, म्हणजे ती प्लेट, गिऱ्हाइकाचा. बाबा आले, बघितलं, म्हणाले, "मोडायच्या आधी हाताला सांगतो तो. तू घाईत होतास." मग शेजारच्या शेडमध्ये स्पार्कवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणारं मशीन) तो तुकडा जाळून काढून आणला आणि बारावं भोक मलाच करायला लावलं.

तुमच्याकडचं लिहा. मोडलेलं, जमलेलं, काहीही.

पाचपाना
अकरावं!! नेहमी शेवटून दुसरंच मोडतं. वडिलांनी बारावं तुम्हालाच दिलं हे वाचून घशात आवंढा आला.

ताम्हिणी
स्कूटरच्या प्लगचे आटे गेले होते माझ्या. वाकडा धरून तसाच पान्याने आवळला. चौदाचा प्लग, हेड अॅल्युमिनियमचं, लोणी कापल्यासारखे आटे बाहेर. मेकॅनिक काकांनी मोठा टॅप मारून आत तारेचं स्प्रिंगसारखं इन्सर्ट बसवलं. ती गाडी नंतर नऊ वर्षं चालली. आता प्लग कायम हाताने चार फेऱ्या आत गेल्याशिवाय पान्याला हात लावत नाही. कुकर झालाय, नंतर येते.

गिरणगाव
अॅल्युमिनियममध्ये टॅप तुटला तर तुरटी! कढत पाण्यात भरपूर तुरटी विरघळवून जॉब त्यात ठेवायचा आणि मंद गरम ठेवायचं. पोलाद काळं पडून हळूहळू विरघळतं, अॅल्युमिनियमला काही होत नाही. पितळेतही चालतं. एम ४ चा तुकडा जायला मला पूर्ण रविवार लागला. जॉब लोखंडी असेल तर मात्र नको, तोच खाल्ला जाईल.

सह्यवेडी
@गिरणगाव दाढीची तुरटी तीच ना? भांडं कुठलं?

गिरणगाव
तीच, किराणा दुकानातली. भांडं काचेचं, गॅसवर चालणारं. लोखंडी कढई अजिबात नको. आणि ते भांडं परत स्वयंपाकाला नको ताई.

नळदुरुस्ती
शीर्षक वाचून मला वाटलं नळ तुटला :) आलोच आहे तर लिहितो. माझे आजोबा जीआय पाइपाला डायने आटे पाडायचे. पाइप वाइसमध्ये, एक जण तेल सोडायला, एक जण दांड्याला लोंबकळायला. अर्धा इंची आणि पाऊण इंची दोन्हीला इंचात चौदा आटे, एक इंचीला अकरा, हे मला पाढ्यांबरोबर पाठ झालं. सुतळी आणि सफेदा लावून बसवलेले त्यांचे जोड गावच्या वाड्यात अजून कोरडे आहेत.

टर्नर_ताई
आयटीआयला आमच्या तुकडीत मी एकटी मुलगी. सर म्हणायचे, अर्धी फेरी पुढे, पाव मागे, धातूचा किस तुटू दे. मिलिंग मशीन असेल तर सगळ्यात मोठा फायदा आटोमॅटिक वगैरेत नाही. भोक पाडलं की टेबल हलवायचं नाही. ड्रिल काढून चकमध्ये टोकदार सेंटर लावा, ते टॅपच्या मागच्या खड्ड्यात टेकवा आणि टॅपचं हँडल हाताने फिरवा. टॅप सरळच जातो. वाकडा गेलेला टॅपच मोडतो. स्पिंडलला पॉवर देऊन एम ६ मारू नका, विशेषतः भोक आरपार नसेल तर.

ताम्हिणी
@टर्नर_ताई एकटी मुलगी म्हणजे किती ऐकून घेतलं असेल तुम्ही. कुठे असता आता?

टर्नर_ताई
अंबडला, नाशिक. आता माझ्या हाताखाली सहा जण आहेत, त्यात दोन मुली.

पाचपाना
वा!!

चाकावर
सायकलवाल्यांनो, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. भाच्याने ते नेहमीसारखं सोडवायला घेतलं, म्हणजे आवळतच गेला, आणि पाइप लावून इतका जोर दिला की क्रँकचे आटेच गेले. नवा क्रँक.

सह्यवेडी
अॅल्युमिनियमला तेल कुठलं वापरता सगळे? आमच्याकडे रॉकेल असायचं, रेशनचं. आता मिळतच नाही.

गिरणगाव
डिझेल. बिडाला काहीच नको, कोरडंच.

सह्यवेडी
रॉकेलचा वास आला की आजीचा स्टो आठवतो. पिन मारायला मलाच बसवायची.

ताम्हिणी
आमच्याकडेही! भुर्रर्र आवाज यायचा तो :)

चाकावर
धागाकर्ते, फ्लॅटमध्ये मशीन चालतं का? सिंगल फेजवर? शेजारी?

धागाकर्ता
सिंगल फेजच आहे. खाली रबराची जाड चटई घातलीय, आणि एरवी नऊनंतर बंद. काल आटा पडेपर्यंत राहवलं नाही, आज सकाळी खालच्या काकूंकडे जाऊन माफी मागून आलो. त्यांनी चहा दिला.
टर्नर_ताई, सेंटर टेकवायची युक्ती बाबाही करायचे. त्यांनी शेडच्या भिंतीवर खडूने कुठल्या टॅपला किती ड्रिल ते माप लिहून ठेवले होते: एम ६ ला ५, ८ ला ६.८, १० ला ८.५, १२ ला १०.२. दर दिवाळीला चुना मारताना तेवढा चौकोन सोडायचे. शेड गेली, पण मी फोटो काढून ठेवलाय.

टर्नर_ताई
फोटो टाका की. ५ ला किती लिहिलंय?

धागाकर्ता
४.२. तिथला खडू पुसट झालाय, त्यावर त्यांनी परत गिरवलंय.