तिसरी-चौथीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण: दोन तासांत काय करून घ्यावं?

प्रश्न (साधन व्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणारी व्यक्ती; सिन्नर तालुका):
शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत (शिक्षण परिषदेत) परिसर अभ्यासाला दोन तास मिळालेत. पीपीटी लावायची नाही, हे पक्कं. शिक्षकांच्या हाताला काम हवं. प्रयोगशाळा नाही, पाणी-बादल्या आहेत. काय सुचवाल?

निवृत्त शिक्षिका:
बादल्या आहेत ना, मग संत्री न्या. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बुडतं. पण आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, कारणासकट. मगच पाण्यात सोडा. "साल काढून हलकं झालं, तरी बुडलं कसं?" यावर सर-मॅडम हुज्जत घालायला लागले की तुम्ही गप्प राहा. सालीत अडकलेल्या हवेपर्यंत त्यांचं त्यांना पोचू द्या. उत्तर सांगून टाकायची घाई प्रशिक्षणात सुटली, तरच ती वर्गात सुटेल. माझ्या मते सगळं प्रशिक्षण इथेच आहे.

आणखी एक सदस्य:
होशंगाबादचा विज्ञान शिक्षण कार्यक्रम जरूर पाहा. १९७२ साली मध्य प्रदेशात १६ शाळांत सुरू झाला, २००२ मध्ये सरकारने बंद केला. होता सहावी ते आठवीसाठी, पण शिक्षक आधी स्वतः प्रयोग करायचे आणि पुढे मासिक बैठकीत अडचणी मांडायचे. दोन तासांच्या प्रशिक्षणाला हीच जोड हवी.

प्रश्नकर्ता:
चारचौघांत अंदाज चुकला तर काही जण बिचकतात, त्याचं काय?

निवृत्त शिक्षिका:
चिठ्ठीवर नाव लिहायला लावू नका. आणि मोसंबीही न्या, संत्र्यानंतर लगेच तिचा अंदाज मागा.