मदत हवी आहे : ‘डिव्हिलियर्स’ आडनावाची नोंद कशी लावावी?

नमस्कार. क्रीडाविषयक मराठी सूचीसाठी मी दक्षिण आफ्रिकेतील आडनावांच्या नोंदी तयार करत असून डिव्हिलियर्स या आडनावापाशी अडलो आहे. फ्रान्समधील धार्मिक छळामुळे देशोधडीला लागलेल्या ह्यूगेनॉट प्रोटेस्टंटांपैकी पिएर, अब्राहम आणि जाक हे तीन भाऊ 1689 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टोकावरील केपला पोहोचले आणि पुढे फ्रान्सहूक परिसरात द्राक्षमळे लावून स्थिरावले. तेथूनच हे नाव आफ्रिकान्स भाषिक समाजात रुजले, एवढे पक्के आहे.

आपल्याकडे मात्र डिव्हिलियर्स म्हटले की एबीच आठवतो, आणि ते साहजिक आहे, कारण 25 ऑक्टोबर 2015 रोजी वानखेडेवर त्याने 61 चेंडूंत फटकावलेल्या 119 धावा मुंबईकर विसरणे कठीण. परंतु जानेवारी 1994 मध्ये सिडनी कसोटीत 43 धावांत 6 बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला 111 धावांत गुंडाळणारा फॅनी, दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाचा कर्णधार व पुढे मंत्री झालेला डावी, तसेच 2008 मध्ये त्याच संघाचे पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक झालेले पीटर यांना एका ओळीत उरकणे मला अन्यायाचे वाटते.

‘डि’ हा मूळचा सुटा उपसर्ग असल्यामुळे ही नोंद ‘ड’खाली घ्यावी की ‘व’खाली? शिवाय, ह्यूगेनॉट वंशावळी पाहण्यासाठी खात्रीची साधने कोणती, हे जाणकारांनी, विशेषतः दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी, कृपया कळवावे.